कान गार, नाडी बहात्तर

गेल्या महिन्यात मी एका दशक्रियेला टाळ्या वाजवल्या.

मुद्दाम नाही. मुद्दाम असं काही करण्याइतकं धैर्य माझ्यात असतं, तर मी आयुष्यात बरंच काही केलं असतं. झालं असं, की घोड नदीच्या घाटावर प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं दशक्रियेला भाषणं असतात, आणि गेलेला माणूस बोलणाऱ्याच्या जितका कमी ओळखीचा, तितकं भाषण लांब. सहावं भाषण एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. त्यांनी आवाज चढवत चढवत शेवटचं वाक्य असं काही टिपेला नेऊन सोडलं, की माझे हात आपोआप उठले. बावीस वर्षं गॅदरिंगला, शिक्षकदिनाला, पाहुण्यांच्या स्वागताला पुढच्या रांगेत बसून हाताला लागलेली ती सवय. एकच टाळी पडली असती तर डास मारला म्हणता आलं असतं. मी चांगल्या सहा-सात वाजवल्या. त्यात मागच्या रांगेतल्या चौघांनी, मास्तर वाजवतोय म्हणजे वाजवायच्या असतील, असं समजून मला मनापासून साथ दिली.

मग शांतता झाली. नदीला पाणी बेताचंच होतं, पण तेही ऐकू आलं. बायकांच्या बाजूनं माझ्या बायकोनं मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सरळ केली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की एवढं पुरतं.

माझे कान तापले. आणि खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो असा, की आता डॉक्टर उठतील, चष्मा कपाळावर सरकवतील, माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरतील आणि भर घाटावर सांगतील, "तापलाय. लाज हाय. आस्सल हाय."

पण डॉक्टर उठणार कसे? दशक्रिया त्यांचीच होती.

तसे ते डॉक्टर नव्हते. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात त्यांची उभी नोकरी गेली. वरचे डॉक्टर बदलून जायचे, हे राहायचे, म्हणून गावोगाव लोक यांनाच डॉक्टर म्हणायचे. जनावराचं सगळं त्याच्या कानात असतं, यावर त्यांचा विश्वास होता. गोठ्यात शिरले की आधी गाईचा कान धरायचे. कान तापला तर ताप, कान गार पडला तर मामला गंभीर. मग शेपटीच्या बुडाशी बोटं ठेवून नाडी. मनगटावर चावीचं घड्याळ होतं, ते कानाला लावून आधी घड्याळ जिवंत असल्याची खात्री करायचे आणि मग जनावराची.

निवृत्त झाल्यावर शिनोलीच्या घरी त्यांच्याकडं एकच म्हैस उरली, गजरी. एका म्हशीचा कान दिवसातून किती वेळा धरणार? हात रिकामे राहिले, आणि मग ते माणसांकडं वळले.

आम्ही त्यांच्याकडं भाडेकरू म्हणून गेलो त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. घोडेगावच्या बाजूला एका अध्यापक विद्यालयात मी होणाऱ्या मास्तरांना मानसशास्त्र शिकवत होतो. खोल्या बघायला गेलो तेव्हा डॉक्टर ओट्यावर बसून दाव्याला गाठ मारत होते.

"काय शिकवता?"

"मानसशास्त्र. सध्या भावना हे प्रकरण चालू आहे."

"कुठं असत्या?"

"काय?"

"भावना. कुठं असत्या?"

"मनात," मी म्हणालो.

"आन् मन?"

मी डोक्याकडं बोट नेलं, मग छातीकडं नेलं, मग दोन्हीच्या मधे कुठंतरी थांबलो. डॉक्टर उठले आणि काही कळायच्या आत त्यांनी माझा कान धरला. "गार हाय. घाबरलाय तुमी. खोली मिळंल. नळाला सकाळी सातला पाणी येतं." माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती. डॉक्टरांनी तिचा कान धरला नाही. नुसतं बघून म्हणाले, "हिची तब्येत चांगली हाय."

पुढं कळलं, की सगळ्या पंचक्रोशीत त्यांचा हा उद्योग चालू होता. एसटीच्या कंडक्टरपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांचे कान त्यांनी धरलेले होते. माणसाला शेपूट नाही याची त्यांना खंत होती. मनगटावर भागवून घ्यायचे. आणि या विद्येचा खरा उपयोग व्हायचा तो लग्नात. आमच्याकडं लग्न म्हटलं की कुणीतरी रुसणारच. रुसलं नाही तर वऱ्हाडाला लग्न झाल्यासारखं वाटत नाही. त्या माणसासाठी डॉक्टरांना बोलावणं यायचं.

एकदा मी बरोबर होतो. नवरीच्या मामाला फेटा बांधायचा राहून गेला होता. मामा मांडवातून उठून पाण्याचे जार आणलेल्या पिकअपच्या केबिनमधे जाऊन बसले होते आणि काच वर केली होती. आधी तिघं जण जाऊन विचारून आले होते, मामा, झालं काय, मामा, चुकलं काय. दर वेळी मामांना नवीन काहीतरी आठवत होतं. पहिल्या वेळी फेटा, दुसऱ्या वेळी पत्रिकेतलं नाव खालच्या ओळीत, तिसऱ्या वेळी मामांच्या स्वतःच्या लग्नातली कुठली तरी गोष्ट.

डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही. दार उघडलं, मामांचं मनगट धरलं, घड्याळ कानाला लावलं, मग बघितलं. "अठ्ठ्याऐंशी," म्हणाले. "पावणं, जरा उतरा. भाताचं पातेलं उचलायचंय, दुसऱ्या कानाला माणूस न्हाई." मामा सवयीनं उतरले. शेतकरी माणूस, जड वस्तू उचलायला कुणी बोलावलं तर पाय आपोआप जातात. दोघांनी मिळून पातेलं मांडवात आणलं. मामांना घाम आला, धाप लागली, कुणीतरी "वा मामा!" म्हणालं. पाच मिनिटांनी मामा हातात भाताचं ताट घेऊन पंक्तीत ओरडत होते, "वाढा रं! ह्या म्हातारीला वाढा!" फेट्याचं नावसुद्धा नाही.

"बसल्या माणसाला राग धरतो," परत येताना डॉक्टर म्हणाले. "उभा केला की निम्मा गळतो. आन् सर, रुसल्या माणसाला कारन कधी इचारायचं न्हाई. इचारलं की त्यो शोधतो. एकदा घावलं की मग त्येला त्ये पाळावं लागतं. जनावरासारखं. रोज वैरण-पाणी घालावं लागतं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. घेतलं आणि विसरलो, आणि त्याचं फळ मला पुढं मिळालं. ते येतंच आहे.

संध्याकाळी ओट्यावर आमची शिकवणी चालायची. मी माझ्या नोट्स काढायचो, ते ऐकायचे. मी सांगितलं, "लोकांना वाटतं, माणूस अस्वल बघतो, घाबरतो, म्हणून पळतो. पण एका परदेशी पंडिताचं म्हणणं, हे उलटं आहे. अस्वल बघून माणूस आधी पळतो. छाती धडधडते, पाय कापतात. आणि हे सगळं आपल्याला जाणवतं, त्यालाच आपण भीती म्हणतो. रडतो म्हणून दुःख होतं, दुःख होतं म्हणून रडत नाही."

डॉक्टर सरळ बसले. "जनावरांचा डॉक्टर व्हता का त्यो?"

"नाही."

"मग त्येला कसं कळलं?" बराच वेळ ते त्या पंडिताच्या कौतुकात होते. मग म्हणाले, "फकस्त अस्वल काढा. हितं बिबट्या घाला." त्या वर्षापासून माझ्या नोट्समधे बिबट्या आहे. माझे विद्यार्थी तोच पेपरात लिहायचे.

"दुसरा एक पंडित म्हणतो, शरीर आणि भावना दोन्ही एकदमच."

"ह्यो दोनी घरी जेवणारा दिसतोय."

"तिसरा म्हणतो, शरीर नुसतं धडधडतं. ती धडधड कशाची, ते माणूस आजूबाजूला बघून ठरवतो. लग्नात असला तर आनंद, भांडणात असला तर राग."

"हे आपल्या मामाचं. धडधड एक, कारनं तीन."

तेवढ्यात गोठ्यातून काकूंचा आवाज यायचा. "गजरे, ऐकलंस का? एवढं समदं कळतंय, आन् एक गोष्ट तेवढी कळंना."

डॉक्टर चष्मा पुसायला काढायचे. कारण तो टोला म्हशीला नव्हता.

काकू म्हणजे डॉक्टरांची बायको. हाडं रुंद, बोलणं मोकळं, सगळ्या आळीशी बोलायच्या. फक्त डॉक्टरांशी बोलायच्या नाहीत. राहायला गेल्यावर दोन दिवसांत आमच्या लक्षात आलं. स्वयंपाक झाला की गजरीला सांगायच्या, "गजरे, सांग, ताट वाढलंय." डॉक्टर जेवून म्हणायचे, "गजरे, भाजी चांगली व्हती." म्हैस मधे रवंथ करत उभी. तिच्यासारखा तटस्थ मध्यस्थ मी अजून बघितलेला नाही. गजरी लांब असली तर निरोप आमच्यावर यायचा. एकदा डॉक्टर समोर तीन हातांवर बसलेले असताना काकू मला म्हणाल्या, "मास्तर, सांगा, चष्मा कपाळावर हाय." मी सांगितला.

कारण माझ्या बायकोनं आठवड्यात काढून आणलं. चार वर्षांपूर्वी काकूंची आई गेली, तिकडं वर तळेघरला. दोघं चालत, जीप बदलत पोचले. अंगणात बायका रडत होत्या. काकू आईच्या उशाशी जाऊन बसल्या आणि दगडासारख्या गप्प झाल्या, डोळ्यांत टिपूस नाही. डॉक्टर पुरुषांमधून उठून बायकोजवळ गेले. बायकांना वाटलं, नवरा आधार द्यायला आला. त्यांनी तिचं मनगट धरलं, घड्याळ कानाला लावलं, आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "बहात्तर."

बस. बहात्तर म्हणजे नाडी नेहमीचीच, आई गेल्याचं बाईला काहीच नाही! त्या शब्दानंतर काकू त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

एकदा मी धीर करून डॉक्टरांकडं विषय काढला. ते खाली बघत दाव्याची गाठ सोडत, पुन्हा बांधत राहिले. "सर, माझ्या मनात वाईट काय नव्हतं. ती अशी बसलेली मला बघवंना. काहीतरी धरावं वाटलं. आन् मला दुसरं काय धरायचं ते म्हाईतच नव्हतं. मनगट धरलं. मनगट धरलं की घड्याळ बघितलं जातं. घड्याळ बघितलं की आकडा तोंडातनं जातो. सवय वो." मग म्हणाले, "तालुक्याचं रुसवं काढलं मी. हितं मला हातच घालता येईना. मी हाक मारली की तिनं एकदा फकस्त, ओ, आसं म्हणावं. बाकी शिव्या दिल्या तरी चालंल."

आता मानसशास्त्राचा मास्तर घरात असताना हे असं किती दिवस चालू द्यायचं? मी लक्ष घातलं.

पहिल्यांदा त्यांना माफीचं पत्र लिहून दिलं. चांगलं दीड पान. 'आपल्या शोकाकुल मनःस्थितीत माझ्याकडून झालेल्या अनवधानाने' अशी सुरुवात होती. डॉक्टरांनी ते गजरीपुढं उभं राहून, अडखळत, सगळं वाचलं. 'अनवधानाने'ला तीन वेळा अडकले. चुलीपुढून आवाज आला, "गजरे, मास्तरला सांग, म्हातारी मेल्याली तिकडं, परीक्षेला बसल्याली न्हाई."

दुसऱ्यांदा मी स्वतः गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि आवाजात शक्य तितकं समुपदेशन आणून विचारलं, "काकू, मनमोकळं सांगा. तुम्हाला नेमका राग कशाचा आहे?"

मी कारण विचारलं. वहीत लिहून घेतलेलं असूनसुद्धा विचारलं.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "बसा," म्हणाल्या. मी बसलेलोच होतो. त्यांनी बहात्तरपासून सुरुवात केली आणि मागं मागं जात लग्नाच्या हळदीपर्यंत पोचल्या. बाळंतपणाला माहेरी सोडायला जाताना वाटेत कुणाची तरी गाय अडली म्हणून हे उतरून गेले आणि काकू एकट्या पुढं गेल्या, ते निघालं. देवीच्या यात्रेत बायको हरवली ती यांच्या लक्षातच आलं नव्हतं, तेही निघालं. दीड तासानं उठताना त्या म्हणाल्या, "बरं झालं मास्तर इचारलंत. मलाच आठवत नव्हतं एवढं." आणि पुढचे दोन महिने गजरीकरवी येणारे निरोपही निम्म्यावर आले.

 दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फक्त माझा कान धरला आणि सोडून दिला.

पावसाळ्यात काकू तळेघरला भावाकडं भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला गेल्या. तीन दिवसांत येते म्हणाल्या, म्हणजे गजरीला म्हणाल्या. वर पाऊस लागला, एसटी बंद झाली, तीनाचे आठ दिवस झाले. इकडं गजरी नुकतीच व्यालेली. तिला काकूंच्या हाताची सवय. डॉक्टर धारेला बसले की गजरी मान वळवून त्यांच्याकडं बघायची आणि पान्हा चोरायची. पारडी सोडली की पारडीपुरतं दूध द्यायची, पारडी ओढली की बंद. हळूहळू कास कडक व्हायला लागली. आठव्या दिवशी सड दुखून गजरी लाथ मारायला लागली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. सुजली कास म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"इंजेक्शन द्या ना," मी म्हणालो. "ते असतं ना पान्ह्याचं."

"सुई टोचून आणलेली माया नको मला," ते म्हणाले. "शेजारणीला बसवून बघितलं, तिच्याबी हाताला देईना."  मग माझ्या बायकोकडं वळून म्हणाले, "ताई, हिचं एक लुगडं काढा. धुतलेलं नको. दोरीवर गोठ्याचं हाय ते."

हा उपाय तसा जुनाच. घरातली बाई कुठं गेली आणि म्हैस अडून बसली, की घरचा गडी बाईचं लुगडं गुंडाळून धारेला बसतो. डॉक्टरांनी स्वतः कित्येकांना सांगितला होता आणि कित्येकांना हसले होते. आता पाळी त्यांची. माझ्या बायकोनं त्यांना नऊवार नेसवलं. काष्टा घालताना तिची फार पंचाईत झाली, शेवटी शर्ट-पायजम्यावरूनच गुंडाळलं आणि डोक्यावरून पदर घेतला. पदराखाली मिशा. मी दूध ओतून घ्यायला कळशी धरून उभा होतो आणि ओठ दातांत घट्ट धरले होते. माझं हे असं आहे, गंभीर वेळेला मला नेमकं भलतंच होतं.

गजरीनं लुगडं हुंगलं. समाधान झालं. डॉक्टर बसले. गजरीनं पुन्हा मान वळवली. समाधान गेलं.

"तुम्ही चुकीचं बसलात," माझी बायको म्हणाली. ती रोज संध्याकाळी दूध आणायला तिथं उभी असायची. "काकू अशा ताठ नाही बसत. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकतात. आणि बोलतात."

"काय बोलती?"

"रोजचंच." ती जरा अडखळली.

"सांगा की. म्हशीला त्येच लागतं."

मग माझी बायको हळूच एकेक वाक्य सांगायला लागली, आणि डॉक्टर कपाळ कुशीला टेकून, काकूंच्या हेलात, तसंच्या तसं म्हणायला लागले. "गजरे, पाय नीट ठेव बाई." मग, "गजरे, आज नाचणीच्या भाकरी केल्या. आईसारख्या न्हाई झाल्या." मग, "आई गेली गजरे. आता मला कोण म्हणायचं, पोरी, आवणी आली, कवा येतीस?"

तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज मधेच तुटला. पुन्हा सुरुवात केली, "आई गेली गजरे," आणि पुन्हा तिथंच तुटला. पाठ हलायला लागली. लुगड्याचा पदर डोळ्यांवर घसरला. त्याच वेळी बादलीत धार पडली. आधी बारीक, मग घसघशीत. म्हातारा हुंदके देत होता आणि हात थांबत नव्हते.

मी काय करत होतो? मी विचार करत होतो, की हा पहिल्या पंडिताचा सिद्धांत, की तिसऱ्याचा. खरंच. मला त्याची आजही लाज वाटते. माझ्या बायकोनं माझ्या हातातली रिकामी कळशी काढून घेतली आणि मला बाजूला ढकललं, तेव्हा मी मागं बघितलं.

फाटकात काकू उभ्या होत्या. डोक्यावर इरलं, हातात पिशवी, पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. कुठल्या तरी जीपनं आल्या होत्या. त्यांनी काय काय ऐकलं, देव जाणे. आम्हा दोघांकडं बघितलंही नाही. पिशवी ओट्यावर ठेवली, गोठ्यात गेल्या, आपल्याच लुगड्याच्या पदराखाली हात घातला आणि नवऱ्याचा कान धरला.

"गार पडलाय वो तुमचा कान," म्हणाल्या.

गजरीला नाही. त्यांना.

डॉक्टरांनी वर बघितलं. तोंड सगळं भिजलेलं, मिशीला नाकातलं पाणी. "ओ," एवढंच म्हणाले. चार वर्षं जो शब्द तिच्याकडून यायचा होता, तो त्यांच्याच तोंडून आला.

"उठा आता. सरका. आन् बहात्तर का किती त्ये बघू नका, माझं मी बघती." काकू खाली बसल्या, सड हातात घेतले, आणि मग त्यांना दिसलं. "आवं, चांगलं लुगडं ह्ये माझं! ह्येला शेण लावलंत?"

"हिनं गोठ्याचं दिलं," डॉक्टर माझ्या बायकोकडं बोट दाखवत म्हणाले.

"गोठ्याचं निळं. हिरवं न्हवं. तिला नव्या पोरीला काय कळतंय, तुमाला कळू नये? छत्तीस वर्सं झाली की!"

त्या दिवसापासून काकू बोलायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. चार वर्षांचं साठलेलं होतं. महिन्याभरानं डॉक्टर ओट्यावर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, तवाचं जरा शांत व्हतं वो." पण हे बोलताना त्यांचा स्वतःचा कान मला लांबूनसुद्धा चांगला लालबुंद दिसत होता. आणि एक सांगायचं राहिलं. त्यांनी बायकोची नाडी पुन्हा कधी बघितली नाही. मनगट मात्र धरायचे. घड्याळ काढून खिशात ठेवायचे आणि नुसतं धरून बसायचे. काकू तांदूळ निवडायच्या एका हातानं.

पुढं आमचं विद्यालय विद्यार्थ्यांअभावी बंद पडलं, मला जुन्नरला नोकरी मिळाली, आम्ही खोल्या सोडल्या. सणासुदीला जाणं-येणं राहिलं. आणि मग गेल्या महिन्यात डॉक्टर गेल्याचा फोन.

घाटावरचं जेवण झाल्यावर मी निरोप घ्यायला काकूंपाशी गेलो. टाळ्यांबद्दल काय बोलावं हे वाटेत जुळवलं होतं, पण समोर गेल्यावर नेहमीप्रमाणं सगळं गेलं. काकूंनी सगळ्यांदेखत हात वर केला आणि माझ्या कानाला लावला.

"तापलाय अजून," म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या मास्तर. जन्मात कुणी टाळी वाजवली न्हाई त्यांना. लोक कान सोडवून पळायचे." मग जरा थांबून, शेजारच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरी, चार दिस मला रडूच येईना. लोकं म्हणायला लागली, म्हातारी दगड हाय. मग त्यांचा खाकी शर्ट हाय ना खुंटीवर, त्यो घातला. गोठ्यात गेले. गजरीची नात हाय आता, तिचा कान धरला, आन् म्हणलं, तापलाय, आस्सल हाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मग आलं. लई आलं बाई."

 माझ्या बायकोनं काकूंचं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

जुन्नरच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी चालवता चालवता बोलायला लागलो. हे बघ, म्हटलं, शेवटी तो सिद्धांतच खरा ठरला. शरीर आधी, भावना मागून. आधी लुगडं, मग रडू. आधी शर्ट, मग रडू. दोन्ही उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोरची. यावर एक छान लेख होईल. ती खिडकीबाहेर बघत होती. डोळे पुसत होती की वारा लागत होता, मला कळलं नाही. एकोणीस वर्षांत मला ते नक्की कधीच कळलेलं नाही. म्हणून मी विचारलं, "तुला काय वाटतं गं? नेमकं काय होतंय तुला?"

बोलून झाल्यावर लक्षात आलं, की मी पुन्हा कारण विचारलं.

पुढचं गाव येऊन गेलं. मग खिडकीकडंच तोंड ठेवून म्हणाली, "उद्या पहाटे पाचला उठा. माझा गाऊन न्हाणीच्या दारामागं असतो. तो घाला. पाणी भरा, डबे करा, तुमच्या आईला गोळ्या द्या, आणि सगळं करताना मी जे पुटपुटते ते पुटपुटा. काय पुटपुटते, ते तुम्हाला माहीत नसेल, तर आईंना विचारा, त्या ऐकतात रोज. मग तुम्हाला काय वाटतंय, ते मी अजिबात विचारणार नाही. कान धरून बघीन."